गौरीचं तिखट आणि न खाणारी सून

माझ्या माहेरी, कर्जतला भिसेगावात, गौरी यायच्या त्या पुरणपोळी खायला. सोळा भाज्यांची मिळून एक भाजी, घावन-घाटलं, आणि आईचं दिवसभर "शिवू नका, लांब व्हा" चालू. लग्न होऊन मी कडावला आले. अंतर म्हणाल तर रिक्षाने जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावं इतकंच. पण पहिल्याच वर्षी कळलं की इथली गौर मटण खाते.

आल्या दिवशी तिला भाजीभाकरी आणि दुसऱ्या दिवशी तिखट. तिखट म्हणजे मटणाचा रस्सा आणि तांदळाचे वडे. शेजारी गणपती बसलेला असतो, त्याला हे चालत नाही, म्हणून नैवेद्य दाखवताना त्याच्यासमोर पडदा ओढायचा. आमच्याकडे पडदा म्हणजे सासूबाईंची एक जुनी नारिंगी साडी. साडीच्या अलीकडे आई मटण खाते, पलीकडे मुलगा मोदक. वास कसा अडणार, असं मी पहिल्या वर्षी भर पूजेत विचारलं होतं. नवऱ्याने असा कोपर मारला की बरगडी दुखायला लागली.

मी मटण खात नाही. धर्म वगैरे काही नाही, मला जमतच नाही. सासूबाईंनी कधी आग्रह केला नाही की टोमणा मारला नाही. तिखटाच्या दिवशी माझ्यासाठी वालाचं बिरडं वेगळ्या टोपात शिजायचं आणि त्यातला निम्मा टोप बाकीचेच संपवायचे.

सासूबाई बाकी कशातही सैल, पण नैवेद्याला कडक. देवीला दाखवल्याशिवाय पदार्थ जिभेला लावायचा नाही म्हणजे नाही. माझ्या नवऱ्याने लहानपणी वड्याकडे हात नेला की पळीचा फटका बसायचा. तो अजून ती जागा दाखवतो. गावातल्या बायका म्हणायच्या, त्या नुसत्या वासावर मीठ ओळखतात. सासूबाई यावर नुसता पदर सारखा करायच्या.

तर गेल्या श्रावणात शेजाऱ्यांची बकरी आमच्या भातात शिरली. तिच्या मागे धावताना सासूबाई बांधावरून घसरल्या आणि उजव्या हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर बसलं. बकरी सुखरूप आहे.

बातमी खोपोलीला पोचली तशी जाऊबाईंचा फोन आला. माझी ही मोठी जाऊ तिथे फ्लॅटमध्ये राहते. मी तिला ताई म्हणते. बाई वाईट नाही, पण तिला गौर हवी होती, आणि तेही मनापासून. तिचा हॉल मोठा, लिफ्ट आहे, सगळ्यांना यायला सोयीचं. ती म्हणाली की आईंचा हात मोडलाय, आणि धाकटी तर खातच नाही, जी खात नाही तिच्या हातचं तिखट गौरीला कसं चालेल? तेव्हा या वर्षीपासून गौर खोपोलीला.

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. गौर एकदा दुसऱ्या घरी बसली की ती सहसा परत फिरत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या की तिखट धाकटी करील. आपण टोपाला बोट लावणार नाही. लावलं, तर गौर खुशाल घेऊन जा. ताई लगेच हो म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही.

फोन ठेवल्यावर मी भांडायलाच उभी राहिले. अहो, मला कच्चं मटण बघवत नाही, आणि तुम्ही परस्पर पैज लावून मोकळ्या? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग प्लास्टरकडे बघत म्हणाल्या, "गौर गेली का, ह्या घरात मी निस्ती जेवायला उरले बघ."

मी हो म्हटलं.

तिखटाच्या दिवशी सकाळी नवरा मटणाच्या दुकानापुढच्या रांगेतून पिशवी घेऊन आला आणि ती माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून सटकला. मी तोंडात दोन लवंगा धरल्या, ओढणी नाकावरून बांधली आणि कामाला लागले. सासूबाई दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही हात पदराखाली. हळद चोळ. आलं-लसूण लाव. कांदा अजून भाज, लाल नाय झाला. खोबरं जळंल, बघ. डोळे मिटून नको गं ढवळू, टोप उपडा होईल. मी डोळे उघडायचे आणि परत मिटायचे. ती नाकावरची ओढणी मात्र त्यांनी सोडायला लावली. म्हणाल्या, वास घेतल्याशिवाय कळणार कसं? मी मनात म्हटलं, आली पंचाईत.

तरी हळूहळू जमलं. वाटण परतून तेल सुटलं, घरचा मसाला पडला, रस्सा रटरटायला लागला. मांस हाडापासून सुटायला लागलं की झालं, एवढं त्यांनी सांगितलं होतं. मी पळीने ढोसून बघितलं, सुटत होतं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला. राहिलं मीठ. ते मी अंदाजाने घातलं होतं, म्हणजे बिरड्याला घालते तसं. आणि आता बघणार कोण? मी खात नाही, बाकीच्यांनी नैवेद्याआधी चाखायचं नाही. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही वासावर ओळखता ना, या, ओळखा.

त्यांनी माझ्या नवऱ्याला नैवेद्यासाठी केळीची पानं आणायला मागच्या दारी पिटाळलं. मग उठल्या, पायाने दार लोटलं आणि पदराखालून डावा तळहात पुढे केला. पळीभर रस्सा घाल इथं, म्हणाल्या. आई, अजून नैवेद्य दाखवायचाय, मी पुटपुटले. "म्हायताय मला. घाल."

घातला. त्यांनी फुंकर मारली, डोळे मिटले आणि तळहात स्वच्छ चाटला. मीठ पार कमी हाय, म्हणाल्या, मूठभर टाक. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. त्यांनी हात पदराला पुसला. "बघतेस काय? मीठ टाक नि गप बस." मी मीठ टाकलं नि गप बसले. मला हसू आवरेना, म्हणून वाटणाचं भांडं घासायला घेतलं.

दुपारी भावकी जमली. नारिंगी साडी ओढली, गौरीला तिखट दाखवलं, आरती झाली आणि पंगत बसली. ताई सगळ्यांच्या मधोमध बसली होती, परीक्षा घ्यायलाच. तिने वड्याचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. मग वडा ताटात ठेवला.

ती म्हणाली, हे आईंच्या हातचं आहे. मी इतकी वर्षं या घरचं तिखट खातेय, मला कळत नाही का? जी कधी तोंडात घालत नाही, तिला मिठाचा असा अंदाज येईल कुठून? आई, ठरलं होतं आपलं.

नवरा मध्ये पडला की अगं वहिनी, आईने पळीसुद्धा धरली नाही, मी बघत होतो. तो काहीच बघत नव्हता, तो मागच्या दारी होता. ताईने ते बरोबर ओळखलं. म्हणावं का, मीच चाखलं? पण मग नैवेद्य उष्टा झाला आणि गौर निघाली खोपोलीला. वर संध्याकाळपर्यंत भिसेगावात माझ्या आईला फोन गेला असता की तुमची लेक मटण खाते. दोन्हीकडून मेले असते.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, त्यांच्यावर संशय घ्यायची कोणाची छाती होती? पण मग मला मिठाचा अंदाज आला कुठून, या ताईच्या प्रश्नाला उत्तर उरत नव्हतं. त्यांनी एकदा मखराकडे बघितलं.

"हात तिचाच," त्या म्हणाल्या. "जीभ तेवढी माझी."

"नैवेद्याच्या आधी?" ताईने विचारलं.

"आधीच. दरवर्षीच. गौर म्हाहेराला येते, गं. म्हाहेराला आल्याली लेक, तिला न चाखता कसं वाढू? अळणी निघालं तर ती कुनाला सांगंल?"

सगळ्या गावात ज्या एका गोष्टीसाठी त्यांचं नाव होतं, ती त्यांनी भर पंगतीत ताटात वाढून टाकली होती, आणि ते गौर राहावी म्हणून. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. नवऱ्याला मात्र वेगळंच काही वाटत होतं. तो हाताची जुनी जागा चोळत म्हणाला, मग मला कशाला मारायचीस? सासूबाई म्हणाल्या, तू चव बघायला नाय, पोट भरायला यायचास.

तेवढ्यात कोपऱ्यातून हसल्याचा आवाज आला. सासऱ्यांची आत्या पळसदरीहून आली होती. भावकीत तीच सगळ्यांत मोठी, तोंडात दात नाही, मटणाचे बारीक तुकडे करून चघळत बसलेली. ती म्हणाली, बायांनो, न चाखता तिखट करनारी तुमच्यात एक जरी असंल ना, तिनं हात वर करावा.

एकही हात वर होईना. एकीला अचानक पाणी हवं झालं, दुसरी पोराच्या ताटातली हाडं निवडायला लागली, तिसरी वडे मोजायला लागली. पुरुष आळीपाळीने आपापल्या बायकोकडे बघत होते. जन्मभर यांनी वासाने तोंडाला पाणी सुटलेलं असताना आरती संपायची वाट बघितली होती. मी एकटीच हात वर करू शकले असते. पण शहाणपणाने मी रश्श्याची पळी धरून उभी राहिले.

सगळे आता ताईकडे बघत होते. तिचेही कान लाल झाले होते, म्हणजे खोपोलीच्या स्वयंपाकघरातही तेच चालत असणार. बराच वेळ ती ताटात बोट फिरवत राहिली. मग तिने ठेवलेला वडा पुन्हा उचलला.

"पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच इकडे येते, आई," ती ताटाकडे बघतच म्हणाली. "तुमची जीभ आता म्हातारी झाली. मीठ अजून जरा कमीच आहे."

सासूबाईंनी डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला आणि तो तसाच धरून मला म्हणाल्या, "वाढ गं तिला. नळी दे."

टोपातल्या एवढ्या हाडांत मगज भरलेली मानाची नळी कुठली, ते मला काही ओळखू येईना. शेवटी ताईनेच बोट दाखवलं.