मिशिगन, हॉलंड आणि मधोमध आई

अमेरिकेने युरोपातल्या लस घेतलेल्यांना पुन्हा दार उघडलं, त्याच आठवड्यात मी डेट्रॉइटचं तिकीट काढलं. हौस म्हणून नाही, आईला आणायला. सहा महिन्यांसाठी दादाकडे मिशिगनला गेलेली आई साथीच्या घोळात दीड वर्ष तिथेच अडकली होती. आणि आता दादा फोनवर "असू दे की इथंच" म्हणायला लागला होता. असू दे कसं? मुलगी काय परकी झालीय? मी अ‍ॅमस्टरडॅमजवळ अ‍ॅमस्टेलव्हीनच्या आमच्या घरातून नवऱ्याचं ऑफिस उचलून जिन्याखाली हलवलं, त्या खोलीत नवीन गादी टाकली, देशी दुकानातून मेतकूट आणलं. आईच्या पासपोर्टावरचा युरोपचा शेंगेन व्हिसाही अजून चालू होता. फक्त जायचं आणि घेऊन यायचं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावरून डेट्रॉइटला थेट विमान आहे, नऊ तास. निघण्याआधीची कोविड टेस्ट चाळीसेक युरोंना पडली. लसीचं प्रमाणपत्र मात्र कागदावर छापून न्या. आपला क्यूआर कोड तिकडच्या हॉटेलात दाखवला, तर पोरगी म्हणाली, "क्यूट!" आणि तशीच आत घेतली. अर्ध्या लोकांना मास्क नाही, उरलेल्यांचा हनुवटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संपलं होतं. दुकान दादाच्या खिडकीतून दिसत होतं, म्हणून मी पिशवी घेऊन चालत निघाले. नेदरलँड्समध्ये आठ वर्षं काढलेल्या बाईला याशिवाय दुसरं काही सुचत नाही. शंभर पावलांवर फूटपाथ संपला. पुढे सहा पदरी रस्ता, आणि तो ओलांडायला काही म्हणजे काही नाही. मी गवतातून चालत राहिले. एका बाईने तिचा भलामोठा ट्रक थांबवून काच खाली केली. "तुम्ही ठीक आहात ना? गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, दूध आणायला चाललेय." तिच्या चेहऱ्यावर इतकी दया आली, की मलाच स्वतःची काळजी वाटायला लागली. तिने मला दुकानापर्यंत सोडलं आणि परतही आणलं. घरी पोचेपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर "एक अनोळखी बाई पायी फिरतेय" असा मेसेज येऊन गेला होता. दादाने तो वाचून दाखवला आणि नाश्ताभर हसला.

पण माणसं गोड, हे कबूल करायला हवं. सगळे विचारतात "कशा आहात?", उत्तराला मात्र थांबत नाहीत. आमच्याकडे नेदरलँड्समध्ये तो प्रश्नच नाही, थेट "आज दमलेली दिसतेस" म्हणून मोकळे होतात. राज्याचा आकार उजव्या हाताच्या पंजासारखा, त्यामुळे इथे नकाशा कोणी काढत नाही. पंजा समोर धरून बोट ठेवतात. आईसुद्धा शिकली होती. अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवून म्हणाली, "आम्ही इथं राहतो." तिचं ते 'आम्ही' मला टोचलं.

मग माझा प्रचार सुरू झाला. "आई, आमच्याकडे दारात ट्राम आहे. कुणाच्या गाडीची वाट बघायला नको."

"ट्राममधून जाणार कुठं? पावसात?" दादा म्हणाला. "आणि आजारी पडली तर? तुमचा तो हाउसआर्ट्स, फॅमिली डॉक्टर, हात मोडून गेलं तरी पॅरासिटामॉलच देतो."

"तुमच्याकडे हात मोडला तर घर विकावं लागतं."

"आमच्याकडे बर्फ किती सुंदर पडतो."

"तो काढतं कोण, वहिनीच ना?"

वहिनी पोळ्या लाटत होत्या. आई वाटाणे सोलत होती.

चौथ्या दिवशी दादाने हुकमाचा एक्का काढला. "चल, तुला हॉलंड दाखवतो." मिशिगनच्या पश्चिम काठावर खरोखरच हॉलंड नावाचं गाव आहे, पावणेदोनशे वर्षांपूर्वी डच शेतकऱ्यांनी वसवलेलं. अडीच तासांचा रस्ता. खड्डे असे, की माहेरच्या सांगलीची आठवण यावी. तिथले लोकच म्हणतात, आमचे ऋतू दोन, हिवाळा आणि रस्त्याची कामं. पेट्रोल गॅलनला साडेतीन डॉलरच्या आसपास, आमच्या मानाने फुकटच. गावात पोचलो तर पवनचक्की हंगाम संपल्यामुळे बंद, ट्यूलिप अर्थातच जमिनीखाली. सरोवर मात्र अफाट. पलीकडचा काठ दिसेना. मी दहा मिनिटं भांडण विसरून नुसती उभी राहिले.

आम्ही चौघं एका बेकरीत कॉफीला बसलो. शेजारच्या टेबलावरचे आजोबा अभिमानाने म्हणाले, "आम्ही डच आहोत, सहा पिढ्यांपासून." मला भरून आलं. परीक्षा देऊन कमावलेल्या डचमध्ये मी त्यांची खुशाली विचारली. ते कौतुकाने ऐकत राहिले आणि म्हणाले, "वा, भारतीय भाषा फार गोड असतात."

आई खळखळून हसली. ती हसली तशी दादाने संधी साधली. "बघ आई, हॉलंडसुद्धा इथंच आहे. तिकडं कशाला जातेस?"

"ही नक्कल आहे. आई, खरं बघायचं असेल तर माझ्याबरोबर चल."

आईने कप खाली ठेवला. "माझं तिकीट काढलंय. मुंबईचं. पुढच्या सोमवारचं."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"मी काढून दिलं," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी मार्चपासून तीनदा सांगितलं होतं. तुम्ही दर वेळी विषय बदललात."

"आई, तिथं एकटी काय करणार तू?" दादा म्हणाला.

"एकटीचं घर आहे, एकटी राहीन. तुमची माया कळते रे मला. पण दीड वर्षात तुम्ही मला दाखवलं खूप, विचारलं काही नाही. आणि चिंगे, तू तर खोली लावून मग आलीस."

मला रडूच आलं. दादाही खिडकीबाहेर बघत बसला. वहिनींनी तेवढ्यात बिल दिलं.

सोमवारी आई सांगलीला निघाली, मी इकडे परतले. मिशिगनला जावं का, असं विचाराल तर जरूर जा. गाडी भाड्याने घ्या, सरोवर बघा, चालत दूध आणायला जाऊ नका. एवढं सगळं मी या ब्लॉगसाठी लिहून काढलं, आणि आईला तिथलं काय आवडलं हे लिहायला बसले तर मला माहीतच नव्हतं. म्हणून सांगलीला फोन लावला.

"आई, मिशिगनमध्ये तुला काय आवडलं गं?"

पलीकडे तिच्यामागून बायकांचं हसणं ऐकू आलं.

"सांगते की. बरंच आहे," आई म्हणाली. "पण आत्ता नको. भिशीच्या बायका आल्यात. उद्या चारनंतर कर."