पाटीला हात

"तूच वाच गं. तुझ्या घरचीच भाषा. सोंग आणायला नको."

आठवीचा वर्ग. मुरुडकडच्या आमच्या गावची शाळा. मराठीच्या बाईंनी ती थोर कादंबरी माझ्या हातात दिली. त्यात नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांच्या मागीलदारी एक कोळीण पाटीतून मासळी विकायला येते. निघताना म्हणते, "बाय गो, जरा पाटीला हात लाव." घरातली सगळी हसतात.

मी वाचलं. वर्ग हसला. बाईही हसल्या. म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. वर्षभर पोरी मला बघून तेच ओरडत होत्या. माझी आई त्याच बाईंच्या मागीलदारी मासळी घेऊन जायची. घरी कुणाला सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता मी त्याच शाळेत मराठी शिकवते. यंदा स्नेहसंमेलनाला हेडसरांनी नेमका तोच प्रसंग निवडला. "कोळीवाड्यातली एखादी मुलगी घ्या, मॅडम. लोक पोट धरून हसतात."

म्हणून इतक्या वर्षांनी कादंबरी उघडली. हसणं झालं की तो प्रसंग संपतो. पुढच्या पानावर घरचा मुलगा मुंबईहून येतो. मग त्याचं लग्न, त्याचं दुःख. शेवटपर्यंत वाचली. कोळीण परत येत नाही. तिला नावसुद्धा नाही.

निम्मी मासळी उरलेली ओली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही. आमच्यात वाटेने जाणारी अनोळखी बाई थांबून हात लावते. जिच्याशी भांडण आहे तीसुद्धा लावते. त्या भरल्या घरातून एक हात पुढे आला नाही. लेखकाचाही नाही. तिला तिथेच बसवून तो पुढे निघून गेला. माझ्या अंगाची आग झाली.

आईला विचारलं, "माझ्या त्या मराठीच्या बाईंनी कधी तुझ्या पाटीला हात लावला?"

"छ्या! वास लागल ना हाताला. मी आपली कुंपणाच्या गडग्यावर टेकवायची न् तशीच डोक्यावर घ्यायची."

तिला त्यात काही वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

हेडसरांना सांगितलं, "हा प्रसंग मी बसवणार नाही. आमची एकही मुलगी तुम्हाला हसायला मिळणार नाही."

"अहो, एवढी गाजलेली कादंबरी आहे ती."

"असू दे."

सोमवारी ती कादंबरी घेऊन मी आठवीवर जाणार आहे. तो उतारा मी स्वतः वाचणार. कोणी हसलं तर थांबणार. मग विचारणार, पाटी कोणी उचलली? उत्तर मिळेपर्यंत पान उलटू देणार नाही.