मुकुट उतरेपर्यंत

राजा कसा बसतो, ते आधी बघायचं. शांतारामकाकांचं परीक्षण तिथूनच सुरू होतं. सिनेमा कुठल्याही देशातला असो, राजा सिंहासनावर टेकला की यांना कळतं की नट कामाचा आहे की नुसता कपडे घालून आलाय. म्हापशाच्या एका साप्ताहिकात दर रविवारी त्यांचं सदर येतं. हात थरथरतो म्हणून ते सांगतात आणि मी मोबाइलवर टाइप करून पाठवते. एकदा एका मोठ्या नटाबद्दल त्यांनी सांगितलं होतं, "लिही गो, हा राजा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखा बसतो." मी ते तसंच लिहिलं आणि तसंच छापून आलं.

शांताराम गावस म्हणजे वीज खात्यातले निवृत्त कारकून. पण पेडण्याच्या आमच्या बाजूला त्यांना कारकून म्हणून कोणी ओळखत नाही. गावच्या जत्रेत देवासमोर नाटक होतं, त्यात वीस-बावीस वर्षं राजा तेच. आवाज असा की मांडवामागच्या काजूच्या झाडापर्यंत पोचायचा, आणि माइक समोर असला तरी ते दोन पावलं मागेच उभे राहायचे. माझे सासरे, बाबुराव, त्या मंडळाचे मॅनेजर. दोघे शाळेपासूनचे मित्र. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मात्र दोघांचं बोलणं बंद होऊन दोन जत्रा उलटल्या होत्या. घरं समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. काका आमच्या बाल्कांवाची, पुढच्या ओसरीची, पायरी चढत नसत. मी त्यांच्याकडे लिहायला जाते, याला सासऱ्यांनी कधी ना म्हटलं नाही. उलट रविवारी पेपर आला की म्हणायचे, "वाच गो बाय, काय म्हणता तो."

बोलणं का बंद झालं, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आमच्याकडे नाटक हे देवाला बोललेलं असतं. संध्याकाळी नारळ ठेवला की मॅनेजर राजाच्या डोक्यावर मुकुट चढवतो, आणि सकाळी देवासमोर तोच तो उतरवतो. नटाने स्वतःच्या हाताने तो काढायचा नाही. आणि मुकुट चढलेल्या माणसाला घरचं काही सांगायचं नाही. गाय व्याली, भावकीत भांडण झालं, सगळं सकाळी. सुतक कानावर पडलं तर नाटक अर्ध्यावर थांबणार, आणि थांबलेलं नाटक गावाला चांगलं नव्हे असं मानतात.

खाणी बंद व्हायच्या आदल्या वर्षीची जत्रा. काकांचा एकुलता एक मुलगा तुषार डिचोलीकडे खनिजाचा टिपर चालवायचा. उतारावर टिपर कलंडला आणि तो जागीच गेला. बातमी मांडवात पोचली तेव्हा दुसरा अंक चालू होता. सासऱ्यांनी एवढंच सांगितलं, की मुकुट उतरेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. बायकांनी काकांच्या पत्नीला, शेवंतीकाकींना, पुढच्या चटईवरून उठवून घरी नेलं. बातमी मागच्या ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत गेली. रंगमंचावर राजा आपल्या युवराजाला लढाईला पाठवत होता. कपाळाला टिळा लावून सांगत होता, की विजयी होऊन ये, मी दारातच उभा आहे. समोर सगळा गाव हमसून रडत होता.

सकाळी देवासमोर मुकुट उतरायच्या आधी काका सासऱ्यांना म्हणाले, "बाबू, बघितलंस? आज अख्खो गाव रडयलो मी."

सासरे म्हणाले, "होय."

मग मुकुट उतरवला, आणि मग सांगितलं.

त्यानंतर काकांनी तोंडाला रंग लावला नाही. शेवंतीकाकी दोन-तीन वर्षांत गेल्या. मागे राहिले काका, रोज पाव घेऊन येणारा पोदेर, आणि सिनेमे.

यंदा पावसाळा सरता सरता म्हापशाला एक इंग्लिश सिनेमा लागला. जुन्या काळच्या इंग्लंडच्या राजाचा. विषय काय आहे, ते मी आधी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर काहीतरी निमित्त काढून टाळलं असतं. शुक्रवार होता, मी बाजारातून मिरच्या आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेतली होती, ती पिशवी पायाशी ठेवून बसले. सुरुवातीला काका खुशीत होते. राजा बसला आणि ते पुटपुटले, "बसता बरो हो." मग राजाचा तरुण मुलगा जहाजातून निघतो. जहाज खडकावर आपटतं. किनाऱ्यावर बातमी येते आणि दरबारी ठरवतात, की राजाला सांगायचं नाही. सांगणार कोण? दोन दिवस ते त्याच्यासमोर जेवतात, वावरतात. राजा एका म्हाताऱ्या सरदाराला विचारतो, तुझे डोळे लाल का? सरदार शेकोटीकडे बघून म्हणतो, डोळ्यांत धूर गेला.

काका माझ्याकडे वळले. "काय म्हणालो तो?"

"धूर गेला म्हणाला."

पुढे राजाला कळतं, तो कोसळतो, थिएटरात एक-दोघांनी नाकं ओढली. काका ताठ बसून होते. बसमध्ये त्यांनी खिडकी धरली. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, आज लिहूया, उद्या नको.

ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. वेशभूषा, घोडे, राजाची चाल, राणीचा उगाच कापरा आवाज, सगळं नेहमीसारखं. शेवटी त्यांनी हे सांगितलं:

"दोन दिवस गप्प राहिल्याबद्दल मी दरबाराला दोष देत नाही. राज्याचे काही नियम असतात. पण राजाने स्वतः विचारलं आणि मित्र धूर म्हणाला. त्या क्षणी राजा सगळ्यांसमोर एकटा वेडा ठरला. दिग्दर्शक त्या सरदाराला क्षमा करतो. मी करत नाही."

हे पाठवू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, परीक्षण आहे, पाठवायलाच लिहितात.

सासऱ्यांना तोवर दम्याने खाटेला बांधलं होतं. रस्त्यावर उघडणाऱ्या जनेलाशी खाट, डोक्याला कायम कानटोपी, चार शब्द बोलले की धाप. रविवारी मी पेपर घडी घालून आत ठेवला आणि आज आला नाही म्हणाले. त्यांनी पोदेराचा भोंपू ऐकला होता, पेपरवाल्याची सायकलही ऐकली होती. त्यांनी पेपरासाठी हात पुढे केला. मग मी पेपर आणला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "त्येका इचार गो बाय, मी तेवा काय बोलूक होया होता?"

मी तशीच रस्ता ओलांडून गेले. काका कदेलावर बसून चष्मा पुसत होते. तेव्हा त्यांनी काय बोलायला हवं होतं, हा त्यांचा प्रश्न मी सांगितला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा पुसला.

"पुढच्या रविवारी लिहितंय. वाचून दाखव त्येका."

"काका, त्यांच्याकडे रविवार आहे की नाही, कोण जाणे. तुम्हीच चला ना. चार पावलं तर आहेत."

"त्या राती मी सकाळपर्यंत थांबलंय, गो. तो रविवारपर्यंत थांबूंदे."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. मी घरी आले. सासऱ्यांना सांगितलं, की काका लिहिणार आहेत. त्यांनी मान हलवली. सोमवारी विचारलं, लिहिलं काय. मंगळवारी विचारलं. बुधवारी विचारलं नाही, पण मी रस्त्यावरून आत आले की डोळे माझ्या हाताकडे जायचे.

गुरुवारी सकाळी मी कोमट पाणी घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते.

रघुनाथ, माझे यजमान, फोन लावायला बसले. मी समोर जाते म्हटल्यावर म्हणाले, थोडी थांब, काका या वेळी पेजेवर बसलेले असतात. आमच्याकडे जेवत्या माणसाला मयताची बातमी देत नाहीत. शेवटचा घास उतरू देतात, हात धुऊ देतात. माझ्या आईनेही मला हेच शिकवलंय, आणि मीही आजवर तेच केलंय.

काका खरंच पेज जेवत होते. मिठातल्या कैरीची फोड ताटलीत, चमचा अर्ध्यावर. मला बघून म्हणाले, "ये गो, बस. आज सकाळीच?"

उंबऱ्यावर उभ्या उभ्या मी सांगितलं, "काका, बाबा गेले. आत्ताच. अजून गावात कोणाला ठाऊक नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. तोंडातला घास गिळता येईना, तो त्यांनी हातावर घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी तांब्या पुढे केला. त्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला, आणि माझ्या पुढे चालू लागले. आमच्या पायरीशी थबकले. मी हात दिला, तो धरून चढले.

सासऱ्यांच्या डोक्यावर कानटोपी तशीच होती. काका खाटेशी उभे राहिले. मग दोन्ही हात लावून त्यांनी ती टोपी अलगद वर उचलली, जशी सवयीने एखादी जड वस्तू उचलतात तशी, आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवली. 

काका परत आले आणि खाटेच्या कडेला टेकले. कोणाकडे बघून म्हणाले, ते मला सांगता येणार नाही.

"कायच बोलूक नको होता. मी इचारलंय तेवाच मुकुट उतरवूक होयो होतो."

आतून सासूबाईंचं रडणं सुरू झालं होतं. शेजारची माणसं पायरीशी जमू लागली. त्या रविवारी सदर आलं नाही. नंतर त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, पण आता सिनेमा राजाचा असला तर नको म्हणतात.