बांगड्यांचा पडदा

बाजारात कासाराच्या पेटीत बांगड्या किणकिणल्या, की अजूनही माझी मान आपोआप वळते.

वरवट बकालच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला दार नव्हतं आणि पडदा परवडत नव्हता. मग आईनं कासाराकडून जोडी नसलेल्या, कोणी न घेतलेल्या बांगड्या मागून आणल्या आणि दोऱ्यांत ओवून चौकटीला सोडल्या. लाल, हिरव्या, मोरपिशी. घर एकदम सणासारखं दिसायला लागलं.

त्याच उन्हाळ्यात बाबा गेले. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, काचा झाडून नेल्या. थोड्या वेळानं चौकटीपाशी किणकिण झाली. मला वाटलं, आईच आली. पण आई तर माझ्यासमोर बसली होती, भुंडे हात पदराखाली घेऊन. वाऱ्यानं पडदा हलला होता.

आत्या उठली. "वहिनी, काढून टाकू का हे? आता बरं नाही दिसत."

"राहू द्या बाई," आई म्हणाली. "माय घरात हाये, हे पोरीले ऐकू आलं पाह्यजे."

त्यानंतर आत-बाहेर करताना आईचं मनगट दर वेळी त्या पडद्याला घासायचं. चुकून लागतं, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.