नागपुरातली दहा माणसं

पनवेलच्या स्टँडवर आम्ही दोघे भाऊ वेगळे झालो. बाबांच्या सुतकाचे सात दिवस आदल्या संध्याकाळी संपले होते. योसेफला विमानतळावर जायचं होतं, तिथून इस्राएलला, अश्दोदला. मला नागपूरची गाडी गाठायची होती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती आणि रुजू होण्याची तारीख बाबांच्या आजारपणामुळे दोनदा पुढे ढकलून झाली होती. योसेफच्या बॅगेत आमसुलं आणि सुकं खोबरं होतं, माझ्या बॅगेत बाबांची पुस्तकं. दुसऱ्याच्या वाट्याला कमी आलं, असं दोघांनाही वाटत होतं, त्यामुळे भांडण झालं नाही.

नोकरीची बातमी मी बाबांना सांगितली तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, ऊन किती असतं तेही नाही. म्हणाले, "नागपुरात दहा माणसं आहेत का?"

"बाबा, लाखांनी माणसं आहेत."

"लाखांचं नाही विचारलं. दहा आहेत का?"

त्यांना दहा ज्यू पुरुष म्हणायचं होतं. तेवढे जमल्याशिवाय कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही आणि बाप गेला की मुलाने ती अकरा महिने म्हणायची असते. स्टँडवर योसेफही तेच म्हणाला. "दादा, तिकडे दहा मिळणार नाहीत. हट्ट करू नकोस. मी म्हणतोच आहे, बाबांना पोचेल. नाहीच जमलं तर सगळं आवरून इकडे ये." मी मान हलवली. पण बाबांशी मी आयुष्यात फारसं बोललो नव्हतो. आमच्या घरात दोघे वाचत बसलेले असायचे आणि योसेफ बोलत असायचा. आता हे अकरा महिने तरी मला स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं.

नागपुरात आमची प्रार्थना सदरमध्ये रिबकाबाईंच्या घरच्या पुढच्या खोलीत होते. बाईंचे वडील रेल्वेत होते, बाई इथेच जन्मल्या. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी उंबऱ्यातच थबकलो.

"काहून गा, बाहेर उभा राहून काय करून राहिला? ये ना आत. तुहा बाप गेला म्हणे?"

"हो."

"मंग आजपासून तू सेक्रेटरी."

ही त्यांची स्वतःची रीत. ज्याच्या घरी मयत झाली त्याला दहा माणसांची गरज असते, म्हणून माणसं जमवायचं काम वर्षभर त्याच्याकडे. निवडणूक नाही, भाषण नाही. आधीच्या सेक्रेटरींचं वर्ष संपलं होतं आणि ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. बाईंनी खोलीच्या किल्ल्या आणि प्रार्थनेच्या टोप्यांची पिशवी माझ्या हातात दिली. माझ्यासकट नऊ जण होते. त्यात जरीपटक्यात चष्म्याचं दुकान असलेले एक आणि सावनेरच्या खाणीतले एक इंजिनिअर, जे पाळी बदलून घेऊन दर शुक्रवारी यायचे. "एक कमी पडते," बाई म्हणाल्या. "शोध." चाळीस वर्षं हे घर त्यांनी चालवलं, पण बाई असल्यामुळे त्या दहात धरल्या जात नाहीत. त्याबद्दल कोणी बोललं की म्हणत, "मले मोजलं असतं तर स्वयंपाक कोणी केला असता?"

दहावा माणूस मला माझ्याच इमारतीत सापडला. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, 'एस. एम. चौलकर'. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, गावांची आडनावं लावतो, रोहेकर, पेणकर, चौलकर. आमच्या गावी रेवदंड्याला असतो तर मला आठवलं असतं की चौलकर सगळ्या जातीचे असतात. पण नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, त्या पाटीपुढे मला एसचा सॉलोमन दिसला आणि एमचा मोझेस. पुस्तक न उघडता पाठीवरून त्याचा विषय ठरवू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

दार सत्तरीच्या गृहस्थांनी उघडलं. मी रेवदंड्याचा, एवढंच बोललो, तर त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. बायको गेल्यापासून एकटेच होते. चौलची खाडी, रामेश्वराचं तळं, कोणाच्या वाडीतल्या सुपाऱ्या चांगल्या, तासभर चाललं. निघताना मी म्हणालो, "शुक्रवारी संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला जमतो. तुम्ही याल?"

"अरे, बोलावणारं कोणी हवंच होतं," ते म्हणाले.

ते आले. मी टोपी दिली, ती त्यांनी व्यवस्थित घातली. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, अशी आमच्याकडे रीत आहे; बाईंनीही ते बजावलं होतं. दहा शब्दांचं एक वचन मनात म्हणत एकेकाकडे पाहायचं. शेवटचा शब्द चौलकरांवर पडला आणि मी बाबांशी बोलायला उभा राहिलो. पहिल्याच ओळीवर दोनदा अडखळलो. सगळ्यांच्या मागून चौलकरांचं "आमेन" मोठ्याने आलं, कूलरच्या आवाजावरून.

मग ते एकही शुक्रवार चुकले नाहीत. सगळ्यांच्या आधी यायचे, कूलरमध्ये पाणी भरायचे, खुर्च्या मांडायचे. मलिद्याला, म्हणजे आमच्या प्रसादाला, गूळ-खोबऱ्याचे पोहे आले की डोळे मिटून खायचे. सावनेरचे इंजिनिअर त्यावर तिखट तर्री मागायचे आणि बाईंच्या शिव्या खायचे. गणपतीच्या दिवसांत तेवढे चौलकर एका शुक्रवारी उशिरा आले. "घरी पाहुणे होते, त्यांना पोचवून आलो," म्हणाले आणि डब्यातून उकडीचे मोदक काढले. मी तीन खाल्ले. शेजाऱ्यांनी दिले असतील, असं मला वाटलं.

अकरा महिने संपायला आठवडा उरला, तेव्हा मला वाटलं, या माणसाचा मान करावा. शनिवारी सकाळी आम्ही कपाटातली तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढली. तोरा वाचताना माणसाला त्याच्या आणि बापाच्या नावाने पुढे बोलावतात. मी वाकून विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा, वडिलांसकट."

ते ताठ उभे राहिले. खणखणीत आवाजात म्हणाले, "सदाशिव महादेव चौलकर."

कूलर बंद नव्हता, पण मला तसं वाटलं. सावनेरचे इंजिनिअर खिडकीबाहेर पाहू लागले. बायका बसतात त्या पडद्यामागून रिबकाबाई बाहेर आल्या.

"काहून गा मास्तर, तू यांले विचारलं नाही?"

"तुम्हीच म्हणालात, मोजायचं नाही."

"मोजू नको म्हटलं होतं. विचारू नको म्हटलं होतं काय?"

चौलकर गोंधळून एकेकाकडे बघत होते. "तुम्ही ज्यू आहात हे मला माहीत होतं की. चौलला आमच्या भिंतीला भिंत लागून तुमचीच घरं होती. ह्याने बोलावलं, मी आलो. मोजण्यात धरलंय हे मला कोणी सांगितलंच नाही."

तोरा पुन्हा कपाटात गेली. त्या दिवशी कद्दिश झाली नाही. मी घरी येऊन हिशेब करायचा प्रयत्न केला की किती शुक्रवार मी बाबांशी बोलत होतो आणि फोन लागलेलाच नव्हता. योसेफला कळवलं. तो एवढा हसला की त्याच्या बायकोने येऊन विचारलं काय झालं. मग म्हणाला, "दादा, पुरे. इथे गल्लीत हाक मारली तरी दहा येतात. तिकीट काढू?" मी म्हणालो, शुक्रवारपर्यंत थांब. शेवटची एक कद्दिश होती. तेवढी तरी खरी व्हायला हवी होती.

रविवारी सकाळी चौलकर माझ्या दारात उभे. डोक्यावर हेल्मेट. "चूक दोघांची. तू लायब्ररीत जा, मी बघतो." आणि जे मला वर्षभर कोणालाच विचारता आलं नव्हतं, ते हा माणूस पाच दिवस स्कूटरवरून नागपूरभर विचारत फिरला. "माफ करा, तुम्ही ज्यू आहात का?" एका ठिकाणी त्यांना चहा मिळाला, एका ठिकाणी कुत्रा अंगावर आला, एका ठिकाणी विम्याचे एजंट समजून दार लावून घेतलं. गुरुवारी अजनीला, सकाळी फिरायला येणाऱ्या रेल्वेच्या पेन्शनरांच्या घोळक्यात, त्यांना एकाने उत्तर दिलं, "हाव. पन मी रिबकाच्या घरी पाय ठेवत नाही."

हे मोशेमामा. पंधरा वर्षांपूर्वी ते प्रार्थनेची एक लांबलचक चाल गात असताना बाईंनी मधेच म्हटलं होतं, "पुरे कर गा, पोहे थंडे होऊन राहिले." ते टोपी ठेवून निघून गेले होते. बाईंनी त्यांचं नाव माझ्यापुढे कधी काढलंच नव्हतं.

त्यांची अट होती, चाल पूर्ण गाणार. चौलकरांनी निरोप आणला. बाई बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाऊ द्या. कूलर मात्र चालू राहीन."

शुक्रवारी मोशेमामा आले. बाईंनी त्यांच्याकडे न पाहता म्हटलं, "बारीक झाला." त्यांनी बाईंकडे न पाहता म्हटलं, "तू नाही झाली." चौलकर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, मोजण्यात पुन्हा घोळ नको म्हणून. मी वचन म्हणत एकेकाकडे पाहिलं, शेवटचा शब्द मोशेमामांवर पडला. मी उभा राहिलो. या वेळी अडखळलो नाही. एवढ्या शुक्रवारी सराव झाला होता ना. आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की मी आता बाबांना काही सांगत नव्हतो. जे सांगायचं होतं ते नऊ माणसांपुढे कधीच सांगून झालं होतं. ते पोचलं की नाही, हे मला माहीत नाही. पण मी ते बोललो होतो, आणि ऐकायला माणसं होती.

त्यानंतर मामांनी चाल गायली. बारा मिनिटं. पोहे थंड झाले. बाईंनी ते तसेच वाढले.

दोन महिन्यांनी मामांची बहीण इस्राएलमध्ये, लोदला वारली. रीतीप्रमाणे किल्ल्या त्यांच्याकडे जायला हव्यात, पण बाई म्हणतात, त्याच्या हाती माह्या घराच्या किल्ल्या देत नाही. म्हणून माणसं अजून मीच जमवतो. आता कद्दिश मामांची असते आणि मी त्यांच्या दहांतला एक असतो.

आज योसेफला पत्र लिहायला बसलो. योसेफ, तू परवा विचारलंस, तिकडे आता काय ठेवलंय? रेवदंड्याचे लोकही विचारतात, बाबांचं घर विकलंस, आता परत येणारच नाहीस का? मी तुम्हा सगळ्यांना एकच सांगतो. रेवदंडा मला आठवतो, अश्दोदला तू आहेस. पण मी गेलो नाही तर कोणाचं तरी अडेल, अशी जागा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आहे, आणि ती इथे आहे. मी तिला घर म्हणायला लागलोय. तू हसशील, हस.

अजून लिहिणार होतो, पण फोन वाजला.

"मास्तर, कुठी आहे गा? नऊ जण बसून राहिले. मोशे आत्ताच घसा साफ करून राहिला."

"निघालोच," मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो.