बिब्ब्याचा डाग

लेकी-सुनांनो, जरा वाचा.

आज सून, नात अन् मी जिंतूरहून परभणीला वकिलाकडं गेलो होतो. नात दीड वर्साची असताना तिला नेहमीची लस कमरेखाली टोचली, तवापासून डावा पाय ओढत चालती. आता पाच वर्साची हाय. दवाखान्यावर नुकसानभरपाईची केस करायची हाय.

वकिलानं पायाचे फोटो पाहिले. "आजी, हा काळा डाग कशाचा?"

"बिब्ब्याचा. टोचल्यावर सूज आली म्हनून म्या बिब्बा तापवून त्याचं तेल लावलं. आमच्यात लावतेत."

त्यानं पेन खाली ठेवला. "समोरचे म्हनतील, पाय बिब्ब्यानंच गेला. तुमी जन्मखूण म्हना."

म्या म्हनलं, "जन्मली तवा म्याच हातात घेतली तिला. कोरी होती."

सुनेनं फोटो गोळा करून पिशवीत घातले. बिब्बा नको, असं ती तवाच म्हनली होती. म्या तिलाच गप केलं होतं.

येताना बसमधी तिनं पोरीला माझ्या मांडीवरून उचलून आपल्याकडं घेतलं.

पाय सुईनं गेला का बिब्ब्यानं, मला ठाऊक न्हाई. रडूबी येईना. कोर्टात इचारलं तर हाय तेच सांगनार. केस गेली तर सून मला माफ करनार न्हाई, न करो.

लस टोचू नका, असं म्या म्हनत न्हाई. धाकट्या नातवाला मागच्या महिन्यात म्याच नेलं. फकस्त सूज आली तर पोराला घेऊन थेट दवाखान्यात जा. घरातली म्हातारी आडवी आली, तर तिला बाजूला सारा. आमी लय मोठ्यानं बोलतो, पर आमाला सगळंच कळतं असं न्हाई.