उद्यामिस्त्री

कामथडीच्या फाट्यावरचे मिस्त्री गाडीकडे आधी बघायचेच नाहीत. आधी माणसाचा हात बघायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते "दाव" म्हणाले. मला वाटलं चावी मागताहेत, म्हणून चावी पुढे केली. त्यांनी ती बाकावर टाकली. "हात दाव, हात. चावीला फोड आल्यात का?" मग माझा तळवा उजेडाकडे फिरवून अंगठ्याखालचे दोन फोड आणि करंगळीजवळचा घट्टा त्यांनी सावकाश तपासला. मागे एसटी थांबून निघूनही गेली. माझा पहिला तास बुडाला. पुढची अडीच वर्षं माझे किती तास या माणसामुळे बुडाले, हे मी कॉलेजात कुणाला धड सांगू शकले नाही.

गाडी माझ्या दादाची. पुण्याहून राजगडाच्या पायथ्याला चिखलात गाड्या उडवायला येणाऱ्या एकाकडून त्याने ती जुनी उंच डर्ट बाईक घेतली आणि वर्षभरात शिरवळला कंपनीत नोकरी लागल्यावर घरीच सोडली. आमची वाडी पालीच्या वर, डोंगरात. तिथून पालीपर्यंतची वाट दगडांची, पुढे डांबर. मी बारावी झाले आणि भोरच्या कॉलेजात नाव घातलं. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. वाडीतून वेळेवर निघायचं तर ती गाडीच होती. आबा, माझे वडील, शेळ्या राखतात. त्यांनी लायसन्स काढू दिलं, पण एक अट घातली: "एकदा जरी पडलीस, तरी गाडी बंद. आन गाडी बंद म्हंजी कालेज बंद. मंग रडायचं न्हाई." मी रोज फाट्यापर्यंत गाडी आणायची, मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमागे लावायची आणि पुढे एसटीने भोर गाठायचं. त्यामुळे त्यांना टाळायची काही सोयच नव्हती.

हँडलच्या ग्रिपला ते मूठ म्हणायचे. माझ्या ग्रिप झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मला लाल-काळ्या, जाड, मऊ ग्रिप हव्या होत्या; त्या त्यांच्याच दुकानात टांगलेल्या होत्या. मी बोट दाखवलं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. निरनिराळ्या जाडीच्या पाच-सहा जुन्या मुठी समोर टाकल्या आणि एकेक धरायला लावली. "बोटाची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पायजेत. नखं रुतली तर मूठ बारीक. बोटं लांब ऱ्हायली तर जाड. जाड मूठ धरून धरून हात आंबतो, आन आंबलेल्या हाताला ब्रेक लागत न्हाई."

"पण मऊ आहे ना, फोड येणार नाहीत," मी म्हणाले.

"मऊ हाय म्हनून चार म्हयन्यात फाटंल. गादी हाय का ती झोपायला?"

शेवटी मला एक काळी, बारीक, मधे खरबरीत खाचा असलेली, दिसायला अगदी गरीब जोडी मिळाली. लाल-काळी कुणाला देणार, असं विचारलं तर म्हणाले, "ज्याला गाडी फाट्यावर उभी करून फोटू काढायचाय, त्याला."

बरं, निवडून झाली म्हणजे बसवून मिळेल असंही नव्हतं. जुनी मूठ ते पात्याने लांबीत चिरून सालासारखी सोलायचे. मग हँडलची नळी पेट्रोलने पुसायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पुन्हा पुसायची. कुठे जुना चिकटा राहिला असेल तर नखाने खरवडायचा. पंक्चरचं सोल्युशन लावून नवी मूठ एका दमात, पिळत पिळत आत सारायची. मधे थांबलं की ती तिथेच धरते. एवढं सगळं अर्ध्या तासात व्हायचं. मी सॅक खांद्याला लावायची, आणि मिस्त्री हँडलला फडकं बांधून चावी स्वतःच्या खिशात टाकायचे.

"उद्या."

"मिस्त्री, मला वाडीवर जायचंय!"

"जा की. गाडी उद्या. सोल्युशन वाळू दे."

"वाळलंय ते. हात लावून बघा."

"भाईरनं वाळलंय. आतलं तुला दिसतं का? मला न्हाई दिसत."

या 'उद्या'पायी लोक त्यांना उद्यामिस्त्री म्हणायचे. दुधाच्या टेम्पोवाले भांडायचे, उत्रोलीचा एक ट्रॅक्टरवाला तर शिव्या देऊन गेला. ते सगळ्यांना चहा पाजायचे, पण चावी द्यायचे नाहीत. त्या दिवशी मी पालीपर्यंत जीपला लटकून गेले, पुढे अंधार पडेस्तोवर चालत. मनातल्या मनात मिस्त्रींना काय काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

म्हणूनच दुसऱ्या वर्षी ग्रिप फाटल्या तेव्हा मी त्यांच्याकडे गेलेच नाही. सोमवारी माझं प्रॅक्टिकल होतं आणि मला 'उद्या' ऐकायचंच नव्हतं. भोरच्या बाजारातून मला हवी तशी जाड, मऊ जोडी आणली आणि रविवारी अंगणात बसवायला बसले. जाईचना. डावी उजवीकडे लावतेय हे कळायलाच अर्धा तास गेला. दोन्ही बाहेरून सारख्या, पण उजवी अ‍ॅक्सिलेटरच्या फिरत्या नळीवर बसते, म्हणून तिचं भोक मोठं. नीट अदलाबदल केली तरी डावी बसेना. आई भाकरी टाकून बाहेर आली. म्हणाली, "अगं, साबन लाव की. कासार बांगडी भरताना लावतो तसा." मी साबण लावला. ग्रिप सुळकन आत गेली. इतकी सुरेख बसली की मला मिस्त्रींची कीव आली.

सकाळी दव होतं. वाडीच्या खालच्या उतारावर दगडावरून गाडी उसळली, मी डावं हँडल घट्ट धरलं आणि ग्रिप जशीच्या तशी माझ्या हातात आली. हँडल तिकडे, मी इकडे. गाडी करवंदीच्या जाळीत, मी तिच्या शेजारी. कोपर सोललं, बाकी काही नाही. ओढणीने ग्रिप करकचून बांधली आणि पायी चालल्यासारखी गाडी चालवत फाट्यावर आले. मिस्त्रींनी ओढणी बघितली, कोपर बघितलं, ग्रिप हुंगली.

"कंच्या साबनाचा वास ह्यो?"

मी रडकुंडीला आले होते. "मिस्त्री, आबांना सांगू नका. कॉलेज सुटेल माझं."

"मी कशाला सांगतूय," ते म्हणाले आणि ओढणीच्या जागी तात्पुरती तार आवळून दिली.

चौथ्या दिवशी बाजार होता. मी भोरहून उतरले तर आबा शेडमधल्या बाकावर चहा पीत बसलेले. मला बघून त्यांनी सहजच विचारलं, "काय मिस्त्री, पोरगी नीट चालवती न्हवं?"

"लई नीट. सोमवारी पडली तेवढं सोडून."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आबांनी कप खाली ठेवला. मी मिस्त्रींवर ओरडलेच, "तुम्ही सांगणार नाही म्हणाला होता!"

"सांगनार न्हाई म्हनालो. ईचारल्यावर खोटं बोलीन असं कुटं म्हनालो व्हतो?" मग आबांकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, पडली खरी. पन का पडली ते बी ईचारा. मुठीला साबन लावला व्हता."

"साबन? कुनी सांगितलं?"

"तिच्या आईनं, म्हनं. मंग आता आईचं कालेज बंद करा."

आबा हसले नाहीत. चावी घेऊन त्यांनी पैरणीच्या खिशात टाकली. पुढचे आठ दिवस गाडी शेडमागे उभी राहिली आणि मी पहाटे पालीपर्यंत चालत जाऊन जीप धरली. रोज दोन तास बुडायचे. फाट्यावर एसटीची वाट बघताना मी मिस्त्रींकडे पाठ करून उभी राहायचे. तेही हाक मारायचे नाहीत. हातोडी मात्र जास्तच जोरात वाजवायचे.

पुढच्या बाजारी आबा मला घेऊन शेडमध्ये गेले. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हातानं बशिवा मूठ, मंग बघू."

"मी न्हाई बशिवनार," मिस्त्री म्हणाले. "मी बशिवली तर तुमी म्हनाल मिस्त्रीच्या हातानं टिकली. तिची गाडी, तिनं बशिवावी. तुमी हितंच बसा."

मग दोन म्हाताऱ्यांच्या समोर मी ग्रिप बसवली. पेट्रोलने पुसलं तर म्हणे अजून साबण हाय, पुन्हा पूस. उजवी मूठ आत टेकेपर्यंत सारली तर म्हणे ती घासंल, नखाएवढी फट ठेव, न्हाईतर अ‍ॅक्सिलेटर परतायचा न्हाई. सोल्युशन ओलं होतं तोवर उपसून पुन्हा घालायला लावली. मग खाचेतून बारीक तार गुंडाळून पिळली, तर पिळाचं टोक तळव्याच्या बाजूला आलं. "सोड. तार हाताला टोचली की हात सुटतो." सोडली. माझा इतका संताप झाला होता की पक्कड फेकून द्यावी. चहा गार झाला तरी आबा कप उचलत नव्हते. शेवटी मिस्त्रींनी हँडल डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून दोन्हीकडे अ‍ॅक्सिलेटर पिळून सोडला. दोन्हीकडे तो टक्‌ करून परत आला. त्यांनी फडकं बांधलं आणि आबांसमोर हात पसरला. आबांनी चावी दिली. मी काहीच विचारलं नाही, मला उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी मूठ दोन्ही हातांनी ओढून, पिरगळून बघितली. मग धोतर सावरून माझ्या मागे बसले. पालीपासूनच्या दगडी वाटेवर त्यांच्या हातांची पकड माझ्या खांद्यांवर कधी आवळत होती, कधी सैल होत होती. वाडीवर उतरले आणि एवढंच म्हणाले, "हितनं म्होरं पडलीस, तर मला मिस्त्रीनं न्हाई सांगायचं. तू सांगायचं."

मी तिसऱ्या वर्षाला असताना रस्ता रुंद झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर फाट्यावर आले तर शेड नव्हती. चहावाल्याने सांगितलं, मिस्त्री मुलाकडे गेले, साताऱ्याच्या बाजूला कुठेतरी. मी त्यांना धड निरोपही दिला नाही. आता बऱ्या शब्दांत लिहायला बसले तरी आधी त्यांच्यावरचा माझा रागच आठवतो. एका वाक्यात ते मला वाचवू शकले असते, आणि त्यांनी वाचवलं नाही. वाचवलं असतं तर मी कॉलेज संपेपर्यंत पडणं लपवत फिरले असते, हे मला पटतं. पण अजून पूर्ण नाही.

त्यानंतर मी दोनदा पडले. दुसऱ्यांदा परवाच, परीक्षेच्या आदल्या दिवशी, ओढ्याच्या गोट्यांवर. घरी आले, गाडी टेकवली आणि शेळ्यांना पाला टाकणाऱ्या आबांना सांगितलं, "आबा, पडले."

त्यांनी पाला टाकणं थांबवलं नाही.

"लागलं का?" म्हणाले.